२०२७ची राष्ट्रपती निवडणूक: नावांची चर्चा कशी वाचावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. त्यामुळे ‘पुढचा राष्ट्रपती कोण’ या विषयावर बाजारात तुरी असतानाच भांडण जुंपलेले दिसते. कोणती चर्चा ऐकावी, कोणती सोडून द्यावी आणि घरबसल्या गणित कसे मांडावे, याची उत्तरे इथे आहेत. भाकीत मात्र मिळणार नाही.

उमेदवारांची खरी नावे कधी कळतात?

जूनच्या मध्यावर, त्याआधी नाही. मागच्या चार निवडणुकांत जे निवडून आले त्यांची नावे जाहीर झाली ती अशी: प्रतिभा पाटील १४ जून २००७, प्रणव मुखर्जी १५ जून २०१२, रामनाथ कोविंद १९ जून २०१७, द्रौपदी मुर्मू २१ जून २०२२. आठवड्याभराच्या या पट्ट्याबाहेर एकही तारीख नाही.

याचे कारण कायद्यात आहे. मुदत संपण्याआधीच्या साठाव्या दिवसापासून पुढे केव्हाही अधिसूचना काढता येते. २०२७साठी ही मर्यादा मेच्या अखेरच्या आठवड्यात येते, पण प्रत्यक्षात अधिसूचना जूनच्या मध्यावरच निघत आली आहे (२०१७मध्ये १४ जून, २०२२मध्ये १५ जून). तिथून चौदा दिवसांत अर्ज भरायचे, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि माघारीनंतर किमान पंधरा दिवसांनी मतदान. २०२२मध्ये अर्जाची शेवटची तारीख २९ जून, छाननी ३० जून, माघार २ जुलै, मतदान १८ जुलै आणि मोजणी २१ जुलै अशी साखळी होती. नाव आधी फोडले तर समोरच्याला तोडीस तोड उमेदवार शोधायला वेळ मिळतो, म्हणून सत्ताधारी पक्ष पत्ते शेवटपर्यंत झाकून ठेवतो.

मग वर्षभर आधी फिरणाऱ्या नावांना काहीच अर्थ नसतो का?

अगदीच नसतो असे नाही, पण तो बहुधा वेगळा असतो. अशा याद्यांत तीन प्रकारची नावे असतात. काही नावे पक्षच सोडतो आणि प्रतिक्रिया पाहतो. काही नावे त्या व्यक्तीचे समर्थक पिकवतात. गुडघ्याला बाशिंग बांधलेले कार्यकर्ते प्रत्येक पक्षात असतात. तिसरा प्रकार बातमीदाराच्या अंदाजाचा: ज्येष्ठ नेता, राज्यपाल, माजी सभापती अशी ठरलेली खोकी भरायची.

२०१७ आठवा. लालकृष्ण अडवाणी, मुरली मनोहर जोशी, सुषमा स्वराज आणि चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन यांच्या नावांवर महिनोन्महिने रकाने भरले, आणि नाव आले ते बिहारचे तेव्हाचे राज्यपाल कोविंद यांचे. त्याच वर्षी चर्चेत आणखी एक नाव होते, झारखंडच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांचे. ते पाच वर्षांनी खरे ठरले! चर्चेतले नाव चुकीचे असते असे नाही, बऱ्याचदा त्याची वेळ चुकीची असते. २०२२मध्ये भाजपच्या संसदीय मंडळात वीसेक नावांवर विचार झाल्याचे तेव्हाचे पक्षाध्यक्ष जे. पी. नड्डा यांनीच सांगितले होते. वीस नावांची यादी छापली की त्यात एक बरोबर निघणारच. त्याला भाकीत म्हणत नाहीत.

उमेदवारापेक्षा आधी काय पाहायचे?

मते. कोणत्या आघाडीकडे किती मतमूल्य आहे हे कळले, की ती आघाडी कोणत्या प्रकारचा उमेदवार देईल हे बरेचसे उमगते. ज्यांच्याकडे स्वतःचे बहुमत आहे त्यांना घरातला, फारसा परिचित नसलेला चेहरा देऊनही चालतो. ज्यांना काठावरची मते बाहेरून आणायची आहेत त्यांना ‘नाही म्हणता येणार नाही’ असे नाव लागते. २०२२मध्ये सत्ताधारी आघाडी काठावर होती. उमेदवार ओडिशाच्या, संथाळ आदिवासी आणि महिला. मग ओडिशातल्या बिजू जनता दलाला विरोधात जाणे शक्य नव्हते आणि काँग्रेससोबत सत्तेत असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चालाही. नाव आणि गणित एकाच चावीने उघडले.

मतमूल्य म्हणजे काय आणि ते कसे काढतात?

मतदार फक्त निवडून आलेले खासदार आणि निवडून आलेले आमदार. प्रत्येकाच्या मताचे मूल्य वेगळे. आमदाराचे मूल्य असे काढतात:

१. राज्याची १९७१च्या जनगणनेतील लोकसंख्या घ्या. महाराष्ट्रासाठी ५,०४,१२,२३५.
२. तिला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या एकूण जागांनी भागा. ५,०४,१२,२३५ भागिले २८८ म्हणजे सुमारे १,७५,०४२.
३. उत्तराला १,०००ने भागा. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवा, कमी उरली तर सोडून द्या. महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५.

गोव्याचे गणित करून पाहा, तिसरी पायरी नीट कळेल. लोकसंख्या ७,९५,१२०, जागा ४०, भागाकार १९,८७८. बाकी ८७८ उरते, म्हणून १९ नव्हे, २०. संपूर्ण गोवा विधानसभेचे मूल्य ८००. महाराष्ट्राचे ५०,४००. उत्तर प्रदेशात आमदारामागे २०८ आणि एकूण ८३,८२४. सिक्कीममध्ये आमदारामागे फक्त ७.

खासदाराचे मूल्य काढायला सगळ्या विधानसभांच्या मूल्यांची बेरीज निवडून आलेल्या ७७६ खासदारांनी (लोकसभा ५४३, राज्यसभा २३३) भागायची. २०२२मध्ये ५,४३,२३१ भागिले ७७६, म्हणजे ७००. सगळे मिळून १०,८६,४३१ आणि मतदार ४,८०९. रिक्त जागा असल्या तरी भागाकार एकूण जागांनीच करतात. ही गोष्ट विसरून हाती कॅल्क्युलेटर घेणारे बरेच आहेत.

खासदाराचे मूल्य ७०० की ७०८?

२०१७मध्ये ७०८ होते, २०२२मध्ये ७००. मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, त्यामुळे बेरीज कमी झाली. २०२७चा अधिकृत आकडा निवडणूक आयोग जाहीर करेल. तोवर ७०० धरून अंदाज बांधा, पण तो अंदाज आहे हे लिहून ठेवा.

एवढी जुनी, १९७१ची लोकसंख्या अजून का?

लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना तोटा होऊ नये म्हणून आकडा गोठवला. २००१च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ही मुदत ‘२०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे संबंधित आकडे प्रसिद्ध होईपर्यंत’ वाढवली. २०२७च्या चर्चेत मोजक्यांनीच पाहिलेला खाचखळगा इथेच आहे. चालू जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे ती ‘२०२६नंतरची पहिली’ ठरते, आणि राष्ट्रपतींची निवडणूक त्यानंतर चारेक महिन्यांत. २०११मध्ये तात्पुरते आकडे ३१ मार्चलाच आले होते, अंतिम आकड्यांना मात्र दोन वर्षे लागली. ‘संबंधित आकडे’ कोणते आणि ते केव्हा प्रसिद्ध झाले असे मानायचे, यावर सगळे अवलंबून राहील.

फरक किती पडेल याची चुणूक हवी असेल तर २०११चे आकडे घालून पाहा. आज तमिळनाडूच्या आमदाराचे मूल्य १७६, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५, म्हणजे जवळपास सारखेच. २०११च्या लोकसंख्येने तमिळनाडूचे ३०८ होते आणि महाराष्ट्राचे ३९०. उत्तर प्रदेश ४९६वर जातो, केरळ २३९वर अडकतो. वजन कुठून कुठे सरकते ते दिसलेच असेल. आमच्या मते तूर्त १९७१ धरूनच हिशेब मांडावा आणि आयोगाच्या तक्त्याची वाट पाहावी.

आत्ताचे संख्याबळ धरून २०२७चा निकाल सांगता येईल का?

नाही. २०२६मध्ये मुदत संपणाऱ्या पाच विधानसभा (पश्चिम बंगाल, तमिळनाडू, केरळ, आसाम, पुदुच्चेरी) मिळून १,२१,९५४ मूल्याच्या आहेत. २०२७च्या पूर्वार्धात मुदत संपणाऱ्या पाच (उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर, गोवा) मिळून १,०३,७५६. बेरीज २,२५,७१०, म्हणजे एकूण मूल्याचा पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग. गुजरातची निवडणूक २०२७ची असली तरी विधानसभेची मुदत वर्षाअखेरीस संपते, त्यामुळे तिचा निकाल या हिशेबात येत नाही. बऱ्याच तक्त्यांत ही चूक दिसते.

सर्वांत जड एकटे राज्य उत्तर प्रदेश. तिथले पन्नास आमदार इकडचे तिकडे झाले की १०,४०० मूल्य हलते. गोव्याच्या अख्ख्या विधानसभेच्या तेरापट! म्हणून उत्तर प्रदेशचा निकाल लागेपर्यंत कोणी ‘पक्के गणित’ मांडत असेल तर ते करमणूक म्हणून वाचावे.

लोकसभेत आघाडीचे बहुमत आहे, मग राष्ट्रपती त्यांचाच ना?

बहुधा, पण आपोआप नाही. लोकसभेच्या ५४३ जागांचे मूल्य ३,८०,१००, म्हणजे एकूण मूल्याच्या पस्तीस टक्के. उरलेले पासष्ट टक्के राज्यसभा आणि विधानसभांकडे. भाजपला २०१९मध्ये ३०३ जागा होत्या, २०२४मध्ये २४०. या ६३ जागांचे मूल्य ४४,१००, जवळजवळ संपूर्ण बंगाल विधानसभेइतके (४४,३९४). ही घट विधानसभांतून भरून काढावी लागते. महाराष्ट्राने ती बरीचशी भरून दिली: नोव्हेंबर २०२४च्या निकालात भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१, म्हणजे २३० आमदार आणि ४०,२५० मूल्य. समोर उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवार गट १०. त्यांचे एकत्र मूल्य ८,०५०.

उपराष्ट्रपतिपदाच्या निकालावरूनही अंदाज बांधू नका. सप्टेंबर २०२५मध्ये सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले, पण तिथे फक्त खासदार मतदान करतात, नामनियुक्त खासदारही करतात आणि प्रत्येकाचे मत एकच. खेळ वेगळा, पट वेगळा.

घरबसल्या तक्ता करताना हमखास कुठे चुकते?

विधान परिषदेचे आमदार मोजले जातात. महाराष्ट्रात परिषदेचे ७८ सदस्य आहेत आणि त्यांपैकी एकालाही मत नाही. म्हणून एखादा पक्षप्रमुख परिषदेवर असेल तर तो स्वतः मतदार नसतो. राज्यसभेचे १२ नामनियुक्त सदस्यही वगळायचे. दुसरी चूक म्हणजे निवडणूक निकालाच्या दिवसाचे आकडे तसेच ठेवणे. राजीनामे, मृत्यू, पोटनिवडणुका, पक्षफूट यांनी ते सतत बदलतात, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तारीख लिहा. तिसरी चूक बाद मते शून्य धरण्याची. २०१७मध्ये ७७ मते बाद झाली, २०२२मध्ये ४,७५४पैकी ५३. बाद मत खासदाराचे असेल तर एका फटक्यात ७०० मूल्य जाते.

आणि पक्षाच्या बैठकीतली हजेरी म्हणजे मत नव्हे. २०२२मध्ये महाराष्ट्रातून मुर्मू यांना २०० मते मिळतील असे सांगितले जात होते. मिळाली १८१, विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांना ९८.

पक्ष व्हिप काढू शकत नाहीत का?

नाही. मतदान गुप्त असते आणि पक्षांतरबंदीचा कायदा इथे लागू होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, इथे दाखवायची सोय नाही. त्यामुळे मते फुटतात आणि कोण फुटले ते अधिकृतपणे कधीच कळत नाही. राज्यवार आकड्यांवरून फक्त संख्या कळते. २०२२मध्ये केरळमध्ये भाजपचा एकही आमदार नव्हता, तरी मुर्मू यांना तिथून एक मत मिळाले. ते कोणाचे, हा खेळ तिथे बरेच दिवस चालला.

पक्षाची भूमिका आघाडीच्या भूमिकेसारखीच असते असे धरावे का?

धरू नये, निदान महाराष्ट्रात तरी. शिवसेनेचा इतिहासच पाहा. २००७मध्ये भाजपसोबत असताना प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला, कारण मराठी उमेदवार. २०१२मध्ये त्याच युतीत असताना प्रणव मुखर्जींना. २०२२मध्ये ठाकरे गट महाविकास आघाडीत होता आणि पाठिंबा मुर्मूंना. जनता दल संयुक्तचेही तसेच: २०१२मध्ये भाजपसोबत राहून मुखर्जींना, २०१७मध्ये लालूंसोबत सरकारमध्ये राहून कोविंद यांना. या निवडणुकीत पाठिंबा देणे स्वस्त असते. सरकार पडत नाही, आमदारकी जात नाही, आणि पुढच्या सोयरिकीची बोलणी सुरू करता येतात. म्हणून आम्ही तक्त्यात आघाडीचा एकच रकाना न करता ‘पक्के’, ‘कलते’ आणि ‘मोकळे’ असे तीन करतो.

उपराष्ट्रपतींना बढती मिळतेच ना?

मिळायची. सर्वपल्ली राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, व्यंकटरमण, शंकर दयाळ शर्मा आणि नारायणन असे सहा उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती झाले. १९९७मध्ये नारायणन राष्ट्रपती झाले, त्यांच्यानंतर ही साखळी तुटली. भैरोसिंह शेखावत २००७मध्ये उभे राहून हरले, हमीद अन्सारी आणि वेंकय्या नायडू यांना उमेदवारीच मिळाली नाही, आणि जगदीप धनखड यांनी जुलै २०२५मध्ये मुदतीआधीच राजीनामा दिला. सध्याचे उपराष्ट्रपती सी. पी. राधाकृष्णन त्याआधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मुंबईच्या राजभवनातून उपराष्ट्रपती आणि तिथून राष्ट्रपती, हा रस्ता याआधी शंकर दयाळ शर्मा यांनी पार केला आहे (उपराष्ट्रपती १९८७, राष्ट्रपती १९९२). योगायोग गमतीचा आहे, पण त्यावर पैज लावण्याइतका नाही. अलीकडचा कल राज्यपालांचा दिसतो: पाटील राजस्थानच्या, कोविंद बिहारचे, मुर्मू झारखंडच्या.

मुर्मू पुन्हा उभ्या राहू शकतात का?

घटना अडवत नाही. अनुच्छेद ५७नुसार पुन्हा निवडून येता येते. दोनदा निवडून आलेले मात्र एकच, राजेंद्र प्रसाद (१९५२ आणि १९५७).

‘आता दक्षिणेची पाळी’ असे म्हणतात, त्यात तथ्य किती?

पाळीचा नियम कुठेही लिहिलेला नाही. अब्दुल कलाम (२००२ ते २००७) यांच्यानंतर महाराष्ट्र, बंगाल, उत्तर प्रदेश आणि ओडिशा अशी राज्ये झाली, त्यामुळे दक्षिण बाकी आहे हे खरे. पण प्रदेश, जात, लिंग यांची अशी मांडणी निवड झाल्यावर फार सुसंगत दिसते. आधी तिच्या जोरावर नाव काढणे जमलेले नाही. तिचा उपयोग उलट दिशेने करावा: एखाद्या नावामुळे विरोधी बाकावरचा कोणता पक्ष अडचणीत येईल, हे तपासायला.

मराठी उमेदवारांचा अनुभव काय सांगतो?

दोन निवडणुका अभ्यासण्यासारख्या आहेत.

पहिली १९६९ची. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी (इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकाने मत द्या म्हटले आणि पक्ष दुभंगला), आणि तिसरे चिंतामणराव देशमुख: रायगडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. या निवडणुकीत मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रम लिहितात. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा (जिंकायला लागणारे मूल्य) होता ४,१८,१६९, म्हणजे कोणीच पोहोचले नाही. मग तळाचे उमेदवार बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटली गेली. रेड्डींना त्यातून जवळपास ९२,००० मिळाले, गिरींना साडेअठरा हजार, पण गिरींना एवढेच पुरले: ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. दुसऱ्या पसंतीने निकाल लागलेली ही एकच राष्ट्रपती निवडणूक. तिरंगी लढतीची चर्चा निघाली की ‘तिसऱ्याचे मतदार दुसरी पसंती कोणाला देतील’ हा प्रश्न त्यामुळेच विचारायचा, आणि ‘ते दुसरी पसंती लिहितील तरी का’ हाही. ती लिहिणे सक्तीचे नाही.

दुसरी २००७ची. काँग्रेसच्या यादीत शिवराज पाटील आणि सुशीलकुमार शिंदे ही दोन मराठी नावे चर्चेत होती. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्यांचा शिवराज पाटील यांना विरोध होता. तिढा सुटला तो ज्या नावावर कोणी पैज लावली नव्हती त्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताईंवर. निकाल ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. मित्रपक्षाचा नकाराधिकार नावाला बाद करतो आणि अनपेक्षित नाव पुढे आणतो, ही यातली शिकण्याची गोष्ट. नावांची चर्चा वाचताना ‘याला कोण नाही म्हणेल’ हे आधी लिहा.

विरोधकांचा उमेदवार कसा ठरतो? तिथे इतका घोळ का होतो?

हरण्याची शक्यता मोठी असते, म्हणून पहिल्या पसंतीचे नेते नकार देतात. २०२२मध्ये शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी या तिघांनी एकामागून एक नाही म्हटले, मग यशवंत सिन्हा आले. एखाद्या ज्येष्ठ नेत्याचे नाव विरोधकांकडून जोरात पुढे येऊ लागले की त्याच्या पक्षाचे नव्हे, त्याचे स्वतःचे वक्तव्य शोधा. ‘मी शर्यतीत नाही’ हे वाक्य इथे सहसा खरे असते. सत्ताधारी बाजूच्या नेत्याने तेच म्हटले तर त्याला फारसा अर्थ नसतो, कारण तिथे ठरवणारे दुसरेच असतात.

२०१२चा अनुभवही लक्षात ठेवा. ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यांनी मिळून कलाम, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चटर्जी ही तीन नावे जाहीर केली. दोनच दिवसांत मुलायमसिंह मुखर्जींच्या बाजूला गेले, आणि शेवटी तृणमूलनेही मत मुखर्जींनाच दिले.

कोणालाही अर्ज भरता येतो का?

भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेसाठी पात्र आणि लाभाच्या पदावर नसलेला, एवढी पात्रता पुरते. मंत्री आणि राज्यपाल ही पदे लाभाची धरत नाहीत, तरी राज्यपाल उमेदवारी मिळाली की राजीनामा देतात. खरी अडचण सह्यांची. किमान ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि ते सगळे मतदार, म्हणजे खासदार किंवा आमदार, असावे लागतात. एकाने दोन उमेदवारांसाठी सही केली तर आधी पोहोचलेला अर्जच धरतात. सोबत १५,००० रुपये अनामत आणि मतदारयादीतील स्वतःच्या नोंदीची प्रमाणित प्रत. ही प्रत नसल्याने दर वेळी अर्ज परत जातात. एका उमेदवाराला चारपर्यंत अर्ज भरता येतात, म्हणून मोठे उमेदवार चार संच वेगवेगळ्या नेत्यांच्या सह्यांनी भरतात. त्या सह्या वाचण्यासारख्या असतात: ‘कलते’ रकान्यातला कोणता पक्ष पक्का झाला ते तिथे कळते.

२०२२मध्ये शंभरावर अर्ज आले, छाननीत टिकले दोनच उमेदवार. १९७७मध्ये ३७ उमेदवारांपैकी ३६ जणांचे अर्ज बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले.

अनामत वाचवायला कोट्याच्या एक षष्ठांशाहून जास्त मूल्य लागते. १९९७मध्ये टी. एन. शेषन यांना ५०,६३१ मिळाले आणि निवडणूक आयोग गाजवलेल्या माणसाची अनामत गेली. २००२मध्ये लक्ष्मी सहगल यांनी १,०७,३६६ घेऊन ती वाचवली.

एखादी विधानसभा बरखास्त असेल तर निवडणूक पुढे जाते का?

जात नाही. मतदारमंडळात जागा रिक्त आहेत या कारणाने निवडणुकीला आव्हान देता येत नाही. १९७४मध्ये गुजरात विधानसभा बरखास्त असताना निवडणूक झाली. मात्र त्या राज्याची मते तक्त्यातून वजा करायला विसरू नका.

मत बाद कशाने होते?

आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाऐवजी स्वतःच्या पेनाने लिहिले तर बाद. उमेदवारापुढे १ हा आकडा नसेल, दोघांपुढे १ असेल, किंवा आकड्याऐवजी ‘एक’ असा शब्द लिहिला असेल तरी बाद. देवनागरी १, रोमन किंवा कोणत्याही भारतीय भाषेतला आकडा मात्र चालतो. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. सही किंवा ओळख पटेल अशी खूण केली तर मत जातेच. इतके अनुभवी लोक अशा चुका करतात, यामागे दर वेळी अजाणपणाच असेल असे नाही. व्हिप नसलेल्या निवडणुकीत मत मुद्दाम वाया घालवणे हाही नाराजी कळवण्याचा मार्ग आहे.

निकाल कसा मोजतात, केव्हा कळतो?

वैध मतांच्या एकूण मूल्याचे निम्मे अधिक एक, हा कोटा. २०२२मध्ये वैध मूल्य १०,५६,९८० आणि कोटा ५,२८,४९१. मुर्मूंना ६,७६,८०३, सिन्हांना ३,८०,१७७. आधी खासदारांची मते मोजतात, मग राज्ये मोजून आकडे फेरीफेरीने जाहीर होतात. त्या वेळी तिसऱ्या फेरीतच कोटा ओलांडला गेला. मतपेट्या दिल्लीत आणल्या जातात. लोकसभा आणि राज्यसभेचे महासचिव आलटून पालटून निवडणूक निर्णय अधिकारी होतात. २०२२मध्ये राज्यसभेचे होते, त्या क्रमाने २०२७मध्ये लोकसभेची पाळी येते.

निकालाविरुद्ध दाद फक्त सर्वोच्च न्यायालयात मागता येते. गिरींच्या निवडणुकीला तसे आव्हान दिले गेले होते आणि राष्ट्रपती असताना ते स्वतः साक्षीला न्यायालयात हजर राहिले.

शपथविधी २५ जुलैलाच का?

बिनविरोध निवडून आलेल्या रेड्डींनी २५ जुलै १९७७ रोजी शपथ घेतली. तेव्हापासून प्रत्येक राष्ट्रपतींनी पाच वर्षांची मुदत पूर्ण केली, म्हणून तारीख सरकलीच नाही.